पोलिश हिप हॉप: वस्तीचा अभिमान आणि वस्ती सोडून गेलेले

ओड्राकाठ (धागाकर्ता)

पोलिश रॅप ऐकायला लागलं की आधी कानावर पडतो तो पत्ता. शहर, उपनगर, गल्ली, कधी थेट इमारत. मोलेस्ता या गटाचा १९९८ चा 'स्कांदाल' हा अल्बम म्हणजे वॉर्सॉचं उर्सिनूफ. रॅपर पेया म्हटलं की पोझनानचं येझित्से. कालिबर ४४ आणि पुढे पाक्टोफोनिका हे गट काटोव्हित्सेचे. रॅपर ओ.एस.टी.आर. वूचचा, म्हणजे नकाशात आपण लोड्झ वाचतो त्या शहराचा. न्यूयॉर्कचे रॅपर आपापल्या मोहल्ल्याचं नाव घेत होते, पोलिश पोरांनी तेच उचललं, असं याचं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. सुरुवात तशी झालीही असेल. पण नुसती नक्कल तीस वर्षं टिकत नाही.

मला यामागे दुसरंच काही दिसतं. इतक्या हट्टाने पत्ता सांगणाऱ्या या मुलांच्या आजी-आजोबांचा पत्ता बहुतेक वेळा वेगळाच होता. पोलिश रॅपमधलं वस्तीप्रेम हे स्थलांतरितांच्या नातवंडांचं वस्तीप्रेम आहे. २००४ नंतर लाखो लोक इंग्लंड-आयर्लंडला गेले, त्यांच्याबद्दलची गाणी हे लक्षात घेतल्याशिवाय नीट कळत नाहीत.

मी राहतो ते व्रोत्सवाफच घ्या. १९४५ पर्यंत हे जर्मनांचं ब्रेस्लाउ होतं. युद्धानंतर पोलंडची सीमा पश्चिमेला सरकवली, जर्मन लोकांना घालवून दिलं, आणि सोव्हिएत संघात गेलेल्या पूर्वेकडच्या मुलखातून, ल्वूफमधून (आजचं युक्रेनमधलं ल्वीव्ह) आणि आसपासच्या खेड्यांतून, पोलिश कुटुंबं आगगाड्यांत भरून इथे आणली. माणसंच काय, पुतळाही आला. इथल्या मुख्य चौकात नाटककार फ्रेद्रो खुर्चीवर बसलेला आहे, तो मूळचा ल्वूफचा. १९५६ साली तो इथे बसवला. ओसोलिनेउम हे प्रसिद्ध ग्रंथालयही तिकडचंच. श्चेचिनची गोष्ट हीच. वॉर्सॉ तर जवळजवळ पूर्ण पाडलेलं, तिथे देशभरातून माणसं येऊन वसली. त्यानंतर दुसरी लाट आली ती खेड्यांतून कारखान्यांकडे. क्राकूफला खेटून नोव्हा हुता हे पोलादाचं शहर १९४९ पासून उभं राहिलं. सत्तरच्या दशकात कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून दहा-दहा मजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. उर्सिनूफमध्ये पहिली कुटुंबं १९७७ मध्ये राहायला आली.

अशा एका वस्तीत मी भाड्याने राहतो, म्हणून जरा जवळून सांगतो. दोन इमारतींच्या मध्ये मोकळं मैदान, त्यात गालिचे झटकायची एक लोखंडी चौकट. दोन उभे खांब, त्यावर आडवे दोन दांडे. गालिचे आता कोणी झटकत नाही, पण त्या दांड्याला पोरं उलटी लटकतात, जरा मोठी झाली की टेकून उभी राहतात, अजून मोठी झाली की समोरच्या बाकावर बसतात. जिन्यात आवाज घुमतो, चौथ्या मजल्यावरचं भांडण तळमजल्यावर शब्दन् शब्द ऐकू येतं. इथे देवळाचा कळस नाही, जुना वाडा नाही, कुणाच्या पणजोबांची कबर नाही. ज्या जागेला स्वतःचा इतिहासच नाही तिला 'आमची' म्हणायचं तर इतिहास आपणच रचावा लागतो. मोलेस्ताच्या पिढीने हेच केलं. चौकट, बाक, जिना, शेवटची बस, पोलिसांची गाडी हे त्यांचं स्थलपुराण झालं.

१९८९ नंतर सरकारी कारखाने धडाधड बंद पडले आणि बाकांवरची गर्दी वाढली. वर्तमानपत्रांनी या मुलांना 'ब्लोकेर्सी' (काँक्रीटच्या इमारतींतली पोरं) म्हणायला सुरुवात केली, त्यात तुच्छता होती. २००१ मध्ये त्याच नावाचा माहितीपट आला, आणि हिप हॉपवाल्या मुलांना आपली बाजू मांडायला जागा मिळाली. त्याआधी, १९९५ मध्ये, क्येल्त्सेच्या लिरॉयचं 'स्त्सिझोरिक' देशभर वाजलं. स्त्सिझोरिक म्हणजे खिशातला चाकू, आणि क्येल्त्सेच्या लोकांना बाकीचे पोलिश लोक याच नावाने हिणवायचे. देशभर गाजलेलं पहिलं मोठं रॅप गाणंच हिणवलेल्या शहराने नाव मिरवल्याचं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात गेला. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी त्याच दिवशी कामाचे दरवाजे उघडले, जर्मनीने २०११ पर्यंत थांबवलं. पोलंडमध्ये तेव्हा बेरोजगारी वीस टक्क्यांच्या आसपास होती. २००७ च्या अखेरीस सरकारी सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज होता की सुमारे २२ लाख ७० हजार लोक तात्पुरते परदेशात आहेत. देशाची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या घरात. म्हणजे प्रत्येक जिन्यातून कोणी ना कोणी गेलेलं. ज्यांनी नुकतीच कुठे 'ही आमची वस्ती' म्हणायला सुरुवात केली होती, त्यांच्याच बाकावरची माणसं कमी झाली. आई-बाप परदेशी आणि मूल आजीकडे, अशा मुलांना इथले लोक 'युरो-अनाथ' म्हणू लागले. आज विशी-तिशीत असलेला श्रोता त्या काळात वाढला आहे. त्यामुळे २००४ नंतरच्या रॅपमध्ये 'मी इथेच आहे' असं कोणी म्हटलं की ती नुसती फुशारकी राहत नाही. ते गेलेल्यांना उद्देशून असतं.

टाको हेमिंग्वे या रॅपरवर स्वतंत्र लिहायचं आहे, पण ते खाली प्रतिसादांत. तुमचं मत कळवा.

---

सई_लेस्टर

लेख आवडला. दुसऱ्या टोकाकडून भर घालते. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये इंग्रजीनंतर सर्वांत जास्त लोकांनी मुख्य भाषा म्हणून पोलिश नोंदवली होती, साडेपाच लाखांच्या जवळपास. आमच्या रस्त्यावर पोलिश दुकान आहे. काकड्यांच्या बरण्या, सॉसेजेस, आणि काउंटरपाशी घरी पैसे पाठवायच्या जाहिराती.

मी शाळेत मदतनीस म्हणून काम करते. पोलिश मुलं शनिवारी पोलिश शाळेत जातात, तिथे इतिहास, कविता, राष्ट्रीय सण. सोमवारी येतात ती कानात रॅप घेऊन. एका मुलाला मी विचारलं होतं, पोलिश कुठून शिकलास एवढी? आजी आणि रॅप, म्हणाला. आजीची भाषा आणि रॅपची भाषा यांत केवढं अंतर असेल याचा विचार करा, पण त्याच्यासाठी दोन्ही मिळून 'तिकडचं' होतं.

जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर हॅमरस्मिथच्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर कोणीतरी अपशब्द रंगवले होते, आठवत असेल. हे केंद्र युद्धानंतर इथे राहिलेल्या सैनिकांच्या पिढीने उभं केलेलं. ती पिढी आणि २००४ ची पिढी यांच्यात फारसं सख्य नव्हतं: एक निर्वासित, दुसरी कामगार. त्या दिवसांत मात्र दोघांनाही एकच शिवी पडली.

---

कोल्हापुरी_ठसका

निर्वासितांचा विषय निघाला म्हणून वळिवड्याची आठवण दिल्याशिवाय राहवत नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. हे लोक तुम्ही म्हणता त्याच पूर्वेकडच्या मुलखातले. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना सायबेरिया-कझाकस्तानला हाकललं, तिथून इराणमार्गे ते आपल्याकडे आले. चर्च, शाळा, नाटकं, सगळं वळिवड्यात होतं. युद्ध संपलं तेव्हा त्यांचं गाव पोलंडमध्ये उरलंच नव्हतं. कोणी ब्रिटनला गेलं, कोणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, कोणी नव्या सीमांच्या पोलंडमध्ये. वॉर्सॉमध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

तुमच्या लेखातल्या ल्वूफच्या आगगाड्या आणि आमच्या वळिवड्याची माणसं ही एकाच उखडण्याची दोन टोकं आहेत. हे डोक्यात ठेवून वाचलं तर काँक्रीटच्या वस्तीला 'माझी' म्हणण्याचा हट्ट जास्त समजतो.

---

बीटमास्तर

शब्दांवर सगळे बोलतायत, मी बीटवर बोलतो. ओळख फक्त ओळींत नसते.

पोलंडकडे साठ-सत्तरच्या दशकांतल्या जॅझचा जबरदस्त साठा आहे, 'पोलिश जॅझ' या मालिकेच्या तबकड्या आजही शोधून विकत घेतल्या जातात. नव्वदच्या दशकाअखेर निर्माते हे संगीत सॅम्पल करू लागले, म्हणजे त्यातले तुकडे उचलून नव्या गाण्यात वापरू लागले. ओ.एस.टी.आर. स्वतः व्हायोलिन शिकलेला आहे, त्याच्याकडे जॅझ नुसता तुकडा म्हणून येत नाही, तालाच्या आतून येतो. व्रोत्सवाफच्या स्काल्पेल या जोडीने त्याच तबकड्यांवर उभं केलेलं वाद्यसंगीत २००४ मध्ये लंडनच्या निन्जा ट्यून कंपनीने काढलं. योगायोग बघा, माणसं बसने लंडनला निघाली त्याच वर्षी त्यांच्या वडिलांच्या पिढीचे सूरही तिथे पोचले.

दुसरं उदाहरण प्रोब्लेम ही वॉर्सॉची जोडी. २०१४ च्या 'आर्ट ब्रूट' मध्ये त्यांनी कम्युनिस्ट काळातली पोलिश पॉप गाणी घेतली, जी ऐकून लोक नाक मुरडायचे, आणि त्यावर आजच्या वॉर्सॉच्या रात्रींच्या गोष्टी सांगितल्या. सॅम्पल अमेरिकेतून आणायची गरज नाही, आईच्या रेडिओत सगळं आहे, असं त्यातून स्पष्ट दिसतं.

आणि भाषा. पोलिशमध्ये बहुतेक शब्दांवर आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. इंग्रजीसारखं एकाक्षरी शब्दावर ठोका मारून ओळ संपवणं सहज जमत नाही, यमक बहुतेक वेळा दोन अक्षरांचं होतं. सुरुवातीच्या अनेकांना अमेरिकन ओळींची लय पोलिशमध्ये बसवताना त्रास झाला असणार, ते ऐकू येतं. पाक्टोफोनिकाचा रॅपर मागिक याने काय केलं ते त्यांच्या 'किनेमातोग्राफिया' मध्ये ऐका. १८ डिसेंबर २००० ला तो अल्बम आला, आठ दिवसांनी मागिक गेला. बावीस वर्षांचा होता. पोलिश भाषेला स्वतःच्या चालीने रॅपमध्ये चालवणारा त्याच्याइतका कोणी मला ठाऊक नाही.

भारताशी संबंध विचारणार असाल तर वॉर्सॉचा 'मसाला' हा गट. भारतात भटकून त्यावर पुस्तक लिहिलेला पत्रकार माक्स त्सेगिएल्स्की त्यात होता, रॅप दुझे पे या रॅपरचं. एका अल्बमचं नावच 'चौथ्या जगाचे नागरिक'.

---

मीरा_म्युनिक

पोलंडच्या बाहेर, दुसऱ्या भाषेत रॅप करणारी पोलिश मुलं राहून गेली.

ऐंशीच्या दशकात लाखो लोक पोलंडमधून, मुख्यतः सिलेशियातून म्हणजे काटोव्हित्सेच्या बाजूच्या मुलखातून, जर्मन वंशाचे म्हणून इकडे जर्मनीत आले. माझ्या ऑफिसात अशा घरांतले दोघे आहेत. सांगतात की घराबाहेर पोलिश बोलायचं नाही ही आईची ताकीद होती. लवकरात लवकर जर्मन व्हायचं, आडनावसुद्धा बदलायचं. तुर्की किंवा अरब मुलांची वस्ती होती, दुकानं होती, रॅप होता. पोलिश मुलं संख्येने एवढी असूनही अदृश्य राहिली.

रॅपर श्वेस्टा एवा हे त्याला छेद देणारं नाव. कोशालिनमध्ये जन्म, कीलमध्ये वाढली, आणि फ्रांकफुर्टच्या रस्त्यावरचं आयुष्य तिने जर्मनमध्ये, काहीही न लपवता सांगितलं. तिचा २०१५ चा अल्बम तर सरळ एका पोलिश शिवीच्या नावाने आला. जी भाषा घराबाहेर काढायची नाही असं एका पूर्ण पिढीला शिकवलं, तिचा सर्वांत दणदणीत शब्द तिने जर्मन दुकानांच्या फडताळावर ठेवला. तिच्या गाण्यांतलं सगळं मला पटतं असं नाही, पण या कृतीचं वजन मला कळतं.

नेदरलँड्समध्ये मिस्टर पोल्स्का. लहानपणी तिकडे गेलेला, डच भाषेत रॅप करतो, नाव मात्र असं घेतलं की पोलिशपणा कोणाला विसरताच येऊ नये. २०१२ मध्ये तिथल्या गीर्ट विल्डर्सच्या उजव्या पक्षाने मध्य-पूर्व युरोपातल्या लोकांविरुद्ध तक्रारी नोंदवायला वेबसाइट उघडली होती, त्या वातावरणात हे नाव घेऊन नाचायला लावणं ही छोटी गोष्ट नाही.

आणि उलट्या दिशेने मालिक मोन्ताना. जन्म हॅम्बुर्गचा, वडील अफगाण, आई पोलिश. तो पोलंडमध्ये आला आणि जर्मन रस्त्यावरच्या रॅपचा ढंग पोलिशमध्ये घेऊन आला.

---

तटस्थ

मला एक खटकतंय. वस्तीप्रेम, मातीप्रेम हे सगळं गोड वाटतं, पण याच प्रेमाचं दुसरं रूप 'बाहेरच्यांनी इथे यायचं नाही' असं होतं. पोलंडमध्ये राष्ट्रवादी रॅप आहे की नाही? २०१५ च्या निर्वासित प्रकरणात पोलंडची भूमिका काय होती ते आपण पाहिलं. धाग्यात हे यायला हवं.

---

ओड्राकाठ (धागाकर्ता)

तटस्थ, बरोबर आहे, आणि ते टाळून हा विषय पूर्ण होत नाही.

हो, आहे. क्राकूफच्या फिर्मा गटातला तादेक २०१२ पासून इतिहासाकडे वळला. युद्धानंतर कम्युनिस्टांविरुद्ध जंगलात लढत राहिलेल्या सैनिकांवर त्याने रॅप केला. २०११ पासून १ मार्च हा त्या सैनिकांचा राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. त्याच २०१२ मध्ये दोनातानचा 'रुव्नोनोत्स' आला, लोकवाद्यांचा गट आणि एकाहून एक गाजलेले रॅपर घेऊन, स्लाव्ह आत्म्याच्या नावाने. दोन्ही प्रचंड ऐकले गेले. हेतू वेगवेगळे होते, पण भूक एकच वाटते. वस्ती चाळीस वर्षांची आहे, मला हजार वर्षांचं काहीतरी द्या.

या भुकेला मी वाईट म्हणणार नाही. शाळेत जो इतिहास शिकवला नाही तो मुलांनी रॅपमधून मागितला, यात त्यांचा दोष नाही. पण त्यातून जो सलग, शुद्ध, एकरंगी पोलिश माणूस उभा राहतो तो या शहरात तरी कधी नव्हता. माझ्या इमारतीच्या तळघरात पाण्याच्या जुन्या झडपेवर आजही जर्मन अक्षरं आहेत. व्रोत्सवाफचाच रॅपर एल.यू.सी. २००९ मध्ये १९३९ ते १९८९ या काळावर अल्बम करून गेला, जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे वापरून. त्यात इतिहास आहे, पण छाती फुगवणं नाही. सामान्य माणूस रेडिओसमोर बसून काय काय ऐकत आला ते आहे. मला तो रस्ता जास्त प्रामाणिक वाटतो.

सिलेशियाचा प्रश्न तर याच्याही पुढचा. २०२१ च्या जनगणनेत साडेचार लाखांहून जास्त लोकांनी घरी सिलेशियन बोलतो असं लिहिलं, आणि प्रादेशिक भाषेचा दर्जा देणारं विधेयक २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी परत पाठवलं. काटोव्हित्सेचा रॅपर मिऊश आपलं शहर कपाळावर मिरवतो. २०१५ मध्ये तो तिथल्या राष्ट्रीय रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत उभा राहिला. 'पोलिश' या शब्दात आपण किती जणांना कोंबतो, हा प्रश्न तिथे जाऊन बसतो.

आता टाको हेमिंग्वे. जन्म कैरोचा, लहानपणाचा काही काळ चीनमध्ये, शिक्षणाचा काही भाग लंडनमध्ये. सुरुवातीला इंग्रजीत रॅप करायचा. २०१४ च्या 'त्रुइकोंत वार्शाव्स्की' पासून तो पोलिशमध्ये आला आणि बघता बघता वॉर्सॉचा सर्वांत बारकाईने लिहिणारा माणूस झाला. ट्रामचे थांबे, बार, भाड्याच्या खोल्या. ज्याच्याकडे वस्तीचा पत्ता नव्हता त्याने शहरच वाचायला घेतलं. २०१५ च्या अल्बमला त्याने 'उमोवा ओ जेवो' हे नाव दिलं. हा एक कंत्राटाचा प्रकार आहे: कामाचे पैसे मिळतात, पेन्शन-विम्याचं नाव नाही. वॉर्सॉमध्ये छोट्या गावांतून आलेली लाखो तरुण मुलं अशा कंत्राटांवर जगतात. रविवारी रात्रीच्या गाडीतून उतरतात तेव्हा पिशवीत आईने भरून दिलेल्या काचेच्या बरण्या असतात, सूप, बिगोस, कोबीचे रोल, आणि मूळचे वॉर्सॉकर त्यांना 'बरण्या' म्हणूनच चिडवतात. पुण्यात गावाकडचा डबा घेऊन एसटीतून उतरणाऱ्या मुलाला हे वेगळं समजावून सांगायला नको. लंडनला न गेलेलेही स्थलांतरितच आहेत, ही गोष्ट टाकोने त्याच्या पिढीला ऐकवली. क्वेबोनाफिदे चेखानूफचा, बेदोएस बिद्गोश्चचा. आजचे मोठे रॅपर असे मध्यम गावांतून येतात आणि गावाचं नाव सोडत नाहीत, त्याची मुळंही इथेच आहेत.

---

अनुराधा_वा

तटस्थांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिला. आता तिथे बाहेरून लोक येतायत. त्यांचं काय? युक्रेनची मुलं काय ऐकतात?

---

ओड्राकाठ (धागाकर्ता)

२०१४ पासूनच युक्रेनमधून कामासाठी लोक येत होते, फेब्रुवारी २०२२ नंतर तात्पुरतं संरक्षण घेतलेल्यांचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास राहिला आहे. बहुतेक बायका आणि मुलं. कोल्हापुरी_ठसका यांनी वळिवड्याबद्दल लिहिलं तेही बायका आणि मुलंच, हे वाचताना थांबलो होतो.

२०२२ च्या युरोव्हिजनमध्ये युक्रेनचा कालुश ऑर्केस्ट्रा जिंकला तो रॅप आणि लोकसंगीत मिसळूनच, आणि पोलिश प्रेक्षकांनी त्यांना पूर्ण १२ गुण दिले. तो उमाळा खरा होता. त्यानंतर कुरबुरीही सुरू झाल्या, दवाखान्यातल्या रांगा, शाळेतल्या जागा, त्याही खऱ्या आहेत. माझ्या मैदानातल्या त्या चौकटीला आता लटकणाऱ्या पोरांत निम्मी युक्रेनियन बोलतात. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आणि ल्वूफहून आलेल्यांच्या शहरात ल्वीव्हहून आलेली. यांच्यातलं कोणी पंधरा वर्षांनी पोलिशमध्ये रॅप करेल आणि पत्ता सांगेल तो याच वस्तीचा. तो ऐकणाऱ्यांना पटेल की नाही, यावर पोलिश हिप हॉपचं पुढचं भांडण होणार असं मला वाटतं. श्चेचिनचा रॅपर वोना, जो पेशाने वकील आहे, त्याच्यासारखे शांतपणे, मुद्दा न सोडता लिहिणारे लोक तेव्हा लागतील.

---

सई_लेस्टर

शाळेतल्या त्या मुलाला 'किनेमातोग्राफिया' बद्दल विचारलं. म्हणाला, ते बाबांचं, मी बेदोएस ऐकतो. मग म्हणाला की बाबा गाडीत लावतात तेव्हा तोंडपाठ आहे सगळं. बीटमास्तर, नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी?

---

बीटमास्तर

सईताई, 'स्कांदाल', मग 'किनेमातोग्राफिया', मग थेट उडी मारून 'आर्ट ब्रूट' आणि 'उमोवा ओ जेवो'. शब्द कळत नाहीत म्हणून थांबू नका, पहिल्या खेपेला आवाजच ऐका. दुसऱ्या खेपेला त्या मुलाला शेजारी बसवा आणि कुठला पत्ता कुठे येतो ते विचारा. आणि जमलं तर त्याच्या बाबांनाही.